पाच फायरी बंदुकीचा सोस आणि आपला धंदा

दिवाळी सरली, थंडी पडू लागली की अप्पर वर्धा धरणाच्या फुगवट्यावर, अमरावतीच्या छत्री तलाव-वडाळी तलावावर, अकोल्याकडे काटेपूर्णा जलाशयावर आणि कापशीच्या तलावावर दूरदेशीचे पाहुणे उतरतात. चक्रवाक येतात, तलवार बदके येतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. आणि त्याच सुमारास आमच्याकडे एक विचारणाही ठरल्याप्रमाणे येते : पाणबदकांसाठी आणि जमल्यास तबकड्या फोडण्याच्या नेमबाजीसाठी कोणती ‘ऑटोमॅटिक’ बारा बोर घ्यावी?

विचारणारे कुणी उनाड नसतात. कापसाचे अडते, जिनिंगवाले, ट्रान्सपोर्टवाले, चार पैसे गाठीला असलेले आणि वडिलांच्या काळची दुनळी घरात पाहिलेले आमचेच बंधू असतात. त्यांच्या मोबाइलवर परदेशातील शिकारीच्या चित्रफिती येतात. इटलीची बेरेटा, बेनेली, बेल्जियमच्या ब्राउनिंगची नावे त्यांना तोंडपाठ असतात. या पानावर आम्ही सरकी, तुरी, लेथ मशीन आणि कर्जाचे व्याज यांविषयी लिहितो, तेव्हा बंदुकीच्या खरेदीविषयी का लिहू नये? खरेदी ती खरेदी. पण या खरेदीत रकमेपेक्षा मोठी जोखीम आहे आणि ती गिऱ्हाइकाइतकीच कारागिराच्याही गळ्यात पडू शकते, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी वस्तू समजून घेऊ. ‘बारा बोर’ म्हणजे एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले तर त्यांतला एक गोळा ज्या नळीत बरोबर बसेल ती नळी. तिचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. दुनळीत दोन काडतुसे भरून दोन बार काढता येतात. पंप अ‍ॅक्शनमध्ये नळीखालचा दस्ता हाताने मागे-पुढे ओढला की रिकामे काडतूस बाहेर पडून नवे आत जाते. अर्धस्वयंचलित बंदुकीत हेच काम बाराच्या जोरावर आपोआप होते. चाप एकदा ओढला की एकच बार निघतो, पण पुढचे काडतूस स्वतःहून जागेवर येऊन बसते. आपल्याकडे तिला सरसकट ‘ऑटोमॅटिक’ किंवा ‘पाच फायरी’ म्हणतात. पैकी ‘ऑटोमॅटिक’ हे चूक आहे.

अशी पहिली यशस्वी बंदूक जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने बनविली. त्याची हकिगत आमच्या कारागीर वाचकांनी जरूर ऐकावी. १९०० साली त्याने पेटंट घेतले. विंचेस्टर कंपनीशी त्याचे जुने संबंध होते. ती त्याचे नमुने एकरकमी विकत घेत असे. या वेळी त्याने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीमागे हिस्सा मागितला. कंपनीने नाकारले. तो रेमिंग्टनच्या दारात गेला, तर १९०२ च्या जानेवारीत तो भेटीसाठी बसला असतानाच तिथला प्रमुख हृदयविकाराने वारला. मग हा मनुष्य नमुना घेऊन समुद्रापार बेल्जियमला गेला, एफएन कारखान्याशी करार केला, आणि ती बंदूक पुढे जवळजवळ शंभर वर्षे बनत राहिली. आपल्या कामाची किंमत ओळखणारा कारागीर कसा असतो ते यावरून दिसते. आपल्याकडे नवा डाय बनवून देणारा मिस्त्री एक चहा आणि दिवसाच्या मजुरीवर समाधान मानतो, हे जाता जाता लिहून ठेवतो.

आज या बंदुकांत मुख्यतः दोन जाती आहेत. एकीत नळीला बारीक छिद्र असते. बाराचा वायू तिथून पिस्टनवर जातो आणि पिस्टन यंत्रणा मागे ढकलतो. खांद्याला धक्का कमी बसतो, पण काजळी धरते आणि वरचेवर साफ करावी लागते. दुसरी, बेनेलीने लोकप्रिय केलेली, बंदुकीच्या स्वतःच्या धक्क्यावर आणि एका जाड स्प्रिंगवर चालते. ती स्वच्छ राहते, भागही कमी असतात, मात्र खांद्याला जास्त लागते आणि हलके काडतूस तिला कधी कधी पुरत नाही. चिखल-पाण्यात बदकांमागे जाणारे परदेशी शिकारी म्हणूनच दुसऱ्या जातीला पसंती देतात आणि दिवसभर तबकड्या फोडणारे हौशी नेमबाज पहिलीला.

वस्तूची माहिती इथपर्यंत झाली. आता बाजाराची आणि कायद्याची.

पाणबदकाची शिकार आपल्या देशात गुन्हा आहे. याला ‘पण’ नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला काही प्राणी-पक्ष्यांसाठी शिकारीचे परवाने मिळत असत. म्हणून आमचे वडीलधारे “आम्ही तर रीतसर पास काढून जात होतो” असे म्हणतात ते खोटे नाही. पण १९९१ च्या दुरुस्तीने ते परवान्यांचे कलमच काढून टाकले. त्यालाही आता तीस वर्षांच्या वर झाली. २०२२ च्या दुरुस्तीने दंड आणखी वाढविले : साध्या गुन्ह्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि शिकार अभयारण्याच्या हद्दीत झाली असेल तर कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सात. अकोल्याच्या बंधूंनी लक्षात घ्यावे की काटेपूर्णा हे अभयारण्य आहे. महान धरणाच्या पाण्यावर बसलेले बदक हे अभयारण्यातले बदक असते. गुन्ह्यात वापरलेली बंदूक आणि गाडी दोन्ही सरकारजमा होऊ शकतात. न्यायालय शस्त्र परवाना रद्द करून पुढची पाच वर्षे नवा मिळू नये असाही आदेश देऊ शकते. दोन बदकांच्या सालनासाठी बोलेरो घालविणारा व्यापारी हिशेबात कच्चा म्हटला पाहिजे.

दिनी बाजूही सांगून टाकतो, कारण “शिकार तर हलाल आहे ना” हा सवाल हमखास येतो. अन्नासाठी शिकार हलाल आहे, सूरह मायदामध्ये तिचे नियम आहेत. पण निव्वळ करमणुकीसाठी जीव घेणे आपल्या उलेमांनी नापसंत मानले आहे. आणि बंदुकीच्या बाबतीत बहुसंख्य हनफी उलेमांचे मत असे की, छर्ऱ्याने मेलेला पक्षी जिवंत हाती लागून जबह झाला नाही तर तो खाण्यास योग्य नाही. म्हणजे चित्रफितीत दिसते तसे हवेत उडणारे बदक बार काढून पाण्यात पाडायचे आणि काठाशी येईपर्यंत ते मेलेले असायचे, हा प्रकार दस्तरखानापर्यंत पोहोचतच नाही. ज्यांना बदकाचेच मांस हवे त्यांच्यासाठी पाळीव बदक आहे. ते कायद्याने चालते आणि जबह करूनही मिळते.

पक्षी आणि बंदूक यांचा सर्वांत उपयोगी संबंध आपल्याच एका माणसाने जोडून दाखविला. डॉ. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, हा कोणता पक्षी म्हणून मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले, आणि त्यातून भारताला त्याचा सर्वांत मोठा पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. योगायोग असा की त्यांच्याच वाढदिवशी, १२ नोव्हेंबर १९३८ रोजी, भरतपूरच्या पाणथळीवर व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मंडळींनी एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले होते. ती भरतपूरची जागा पुढे पक्ष्यांसाठी राखली जावी म्हणून झटणाऱ्यांत सलीम अली होते.

बाहेरच्या देशांत तरी मोकळे रान आहे असे समजू नये. अमेरिकेत स्थलांतरित बदकांच्या शिकारीत बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसे मावता कामा नयेत असा नियम १९३५ पासून आहे. पाच फायरी बंदुकीतही लाकडाची किंवा प्लॅस्टिकची खुंटी घालून जागा कमी करतात. शिशाचे छर्रे तळ्याच्या गाळात पडतात, बदके ते खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात, म्हणून १९९१ पासून तिथे पाणपक्ष्यांसाठी शिसे बंद झाले, पोलादी छर्रे आले. युरोपीय संघानेही २०२३ पासून पाणथळीत शिसे बंद केले. पोलादी छर्रे हलके, म्हणून काडतूस लांब, म्हणून बंदुकीचा कोठाही लांब. जाहिरातीत ‘तीन इंची’, ‘साडेतीन इंची’ म्हणून जे मिरवितात त्यामागे हे कारण आहे. आपल्या गिऱ्हाइकाला त्या अर्ध्या इंचाचा काहीही उपयोग नाही.

बरे, शिकार सोडली. तबकड्यांची नेमबाजी तर कायदेशीर आहे ना? आहे, आणि ती चांगली आहे. पण इथेच गंमत सुरू होते. भारतात अर्धस्वयंचलित बंदूक ही शस्त्र नियम २०१६ च्या अनुसूचीत पहिल्या, म्हणजे निषिद्ध वर्गात मोडते. १९६२ च्या जुन्या नियमांतही तसेच होते. अमरावती शहरात पोलीस आयुक्त आणि अकोल्यात जिल्हाधिकारी जो साधा परवाना देतात त्यावर ती येत नाही. तो विषय केंद्राच्या गृह मंत्रालयाचा. पंप अ‍ॅक्शन मात्र साध्या परवान्यावर मिळते. आता आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेचे नियम पाहा : मैदानावर अर्धस्वयंचलित चालते, पंप अ‍ॅक्शन चालत नाही! म्हणजे दुकानात जी मिळते ती मैदानात बाद, आणि मैदानात जी चालते ती दुकानात नाही. दोन्हीकडे निर्धास्त चालणारी वस्तू एकच, ती म्हणजे आपली जुनी दुनळी; तीही नळीवर नळी असलेली.

आणि ही नाइलाजाची निवड नाही. जगातले अव्वल ट्रॅप आणि स्कीट नेमबाज नळीवर नळीचीच बंदूक वापरतात. दोन नळ्यांना दोन वेगळे चोक ठेवता येतात. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी केलेला किंचित आवळ. ‘फुल चोक’ म्हटला तरी फरक जेमतेम एक मिलिमीटरचा, पण त्यावर छर्ऱ्यांचा फुलोरा किती पसरेल हे ठरते. स्कीटची तबकडी जवळून आडवी जाते, तिथे मोकळी नळी हवी. ट्रॅपची तबकडी समोर दूर पळते, नेमबाजाने बार काढेपर्यंत ती तीस-पस्तीस मीटरवर गेलेली असते, तिथे आवळ नळी हवी. शिवाय दुनळी मोडून हातावर टाकली की ती रिकामी आहे हे दहा पावलांवरूनही दिसते. मैदानावर शेजारी उभ्या असलेल्या माणसाला याचे मोल कळते. (तबकडीला मातीची म्हणतात खरे, पण ती डांबर आणि चुनखडीची असते. व्यास ११० मिलिमीटर, वजन साधारण १०५ ग्रॅम.)

या खेळात आपला माणूस कुठवर जाऊ शकतो हे पाहायचे तर मैराज अहमद खान यांचे नाव घ्यावे. चिनी मातीच्या बरण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या उत्तर प्रदेशातील खुर्ज्याचे हे गृहस्थ. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्कीट प्रकारात उतरणारे पहिले भारतीय, आणि २०२२ साली कोरियातील चांगवॉन येथे विश्वचषक स्पर्धेत सुवर्णपदक, तेही वयाच्या चाळिशीनंतर. म्हणून कुणाचा मुलगा खरोखर मन लावून शिकणार असेल तर त्याला अडवू नये. पण रस्ता संघटनेचा आहे : आधी नोंदणीकृत रायफल क्लब, तिथल्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली क्लबची बंदूक, मग स्पर्धा, मग राज्य संघटनेमार्फत राष्ट्रीय रायफल संघटना. परदेशी बंदूक आयात करण्याची सवलत नामांकित नेमबाजांसाठी आहे, नव्या हौशी माणसासाठी नाही. आणि खर्च बंदुकीपाशी थांबत नाही. एका फेरीला २५ तबकड्या, पात्रता फेरीला १२५. एका रविवारी दोन फेऱ्या मारायच्या तर किमान ५० काडतुसे गेली. आजच्या दराने गुणाकार वाचकांनी स्वतः करावा आणि मग मुलाच्या इंजिनीअरिंगच्या फीशेजारी तो आकडा लिहून पाहावा. आमच्या मते वऱ्हाडातल्या मध्यम व्यापाऱ्याला हा छंद परवडतो, पण इतर दोन छंद सोडले तरच.

मग साध्या परवान्यावर काय घ्यावे? सरकारी आयुध कारखान्यांनी केलेल्या बारा बोर आहेत. २०२१ च्या ऑक्टोबरपासून ते कारखाने सात कंपन्यांत विभागले गेले; शस्त्रांची कंपनी कानपूरला, दारूगोळ्याची आपल्या पुण्याला. मुंगेरच्या खासगी कारखान्यांच्या बंदुकाही आहेत. त्या गावाच्या या धंद्याचा उगम नवाब मीर कासिमने १७६० च्या दशकात तिथे राजधानी हलवून काढलेल्या तोफखान्यात आहे. गुर्गीन खान नावाचा आर्मेनियन सरदार त्याचा प्रमुख होता. तिसरा माल म्हणजे जुन्या इंग्रजी दुनळ्या. व्यापारी आयात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बंद पडल्याने यांना भाव फार चढतो. तो भाव पुष्कळदा नावाचा असतो. जुन्या इंग्रजी बंदुकीचा कोठा बहुधा ६५ मिलिमीटरचा असतो. त्यात ७० मिलिमीटरचे काडतूस बसते, पण उघडायला जागा न मिळाल्याने दाब वाढतो. घेण्यापूर्वी कोठा मोजून घ्या, चाचणीचे शिक्के पाहा, नळ्या उजेडाकडे धरून आत खड्डे आहेत का ते पाहा, आणि बिजागरी सैल आहे का ते दोन्ही हातांनी हलवून पाहा. खासगी माणसाकडून घेताना विकणाऱ्याने प्रशासनाला लेखी कळवून ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. हा नियम “घरचाच माणूस आहे” म्हणून टाळणारे आम्ही पाहिले आहेत. टाळू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, तीन नाही.

शेतकरी बंधूंचा प्रश्न वेगळा आहे आणि तो हौसेचा नाही. रोही आणि रानडुकरांनी तूर-हरभरा आडवा केला की काय होते ते मेळघाटच्या पायथ्याच्या गावांना विचारा. पिकांचे नुकसान करणाऱ्या जनावरांबाबत कायद्याच्या ११व्या कलमात परवानगीची सोय आहे. २०१५ साली राज्याच्या वन विभागाने रोही आणि रानडुकरांसाठी तिची कार्यपद्धती घालून दिली, आणि नुकसानभरपाईही मिळते. परवानगी लेखी आणि आधी हवी. ‘नंतर पाहू’ चालत नाही. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वन विभागाकडे वेगळी नोंद करावी लागते. मेळघाट, नरनाळा, काटेपूर्णा यांच्या आसपासच्या किती जणांनी ती केली आहे याची आम्हाला शंका आहे. आणि बदकाच्या बारीक छर्ऱ्यांनी रानडुक्कर मरत नाही, पिसाळते, हेही ध्यानात ठेवावे.

आता ज्यांच्यासाठी आम्ही मुख्यतः हे लिहायला घेतले त्या कारागिरांविषयी. आपल्या समाजात शिकलगारांची परंपरा आहे. तलवारी, कट्यारी आणि पुढे बंदुकांना धार, पाणी आणि चमक देणारे हे हात आज लेथवर, वेल्डिंगवर, कुलूप-चावीच्या ठेल्यावर आहेत. परवानाधारक बंदूक दुकाने कमी झाली, म्हणून ओळखीचा माणूस संध्याकाळी कापडात गुंडाळलेली दुनळी घेऊन येतो : “मिस्त्री, घोडा पडत नाही, जरा पाहा.” दीडशे-दोनशे रुपयांचे काम असते. नाही म्हणणे जिवावर येते. पण १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमात बंदूक बनविणे-विकणे याच ओळीत दुरुस्त करणेही आहे. त्यासाठी वेगळा परवाना लागतो. नळी कापून आखूड करणे सहाव्या कलमात येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्यांना किमान सात वर्षे, आणि वर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. गिऱ्हाइकाकडे परवाना असला तरी तो बाळगण्याचा असतो. तुमच्या दुकानाला तो लागू होत नाही. स्प्रिंग बसविली की दस्ता चिकटविला, हा वाद पंचनाम्यानंतर घालता येतो, आधी नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती आडपडदा न ठेवता लिहितो. अमरावतीने २०२१ चा नोव्हेंबर पाहिला, अकोल्याने २०२३ चा मे पाहिला. अशा दिवसांत आपल्या एखाद्या मिस्त्रीच्या दुकानात बिनकागदाची बंदूक सापडली तर ती दुरुस्तीला आलेली होती हे किती जण ऐकून घेतील? तीच गोष्ट बंदूक हातात घेऊन फोटो काढणाऱ्या आणि तो मोबाइलवर फिरविणाऱ्या तरुणांची, आणि वरातीत बार काढणाऱ्या मामा-चाचांची. आनंदाच्या गोळीबाराला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी वेगळी तरतूदच आहे, आणि परवाना असला तरी ती लागू होते.

ज्या कारागिराला या कामात खरोखर गती आहे त्याने आडून काम करण्याऐवजी दुरुस्तीच्या परवान्यासाठी अर्ज करावा, किंवा परवानाधारक दुकानात पगारावर किंवा भागीत काम धरावे. कागदपत्रांना वेळ लागतो, फेऱ्या होतात, मान्य आहे. पण जिल्ह्यात जुन्या दुनळ्या असंख्य आहेत, त्यांना हात लावणारे जाणकार म्हातारे होत चालले आहेत, आणि ज्याच्याकडे कागद आणि कसब दोन्ही असेल त्याला कामाची ददात पडणार नाही असा आमचा अंदाज आहे.

राहता राहिली वडिलांची बंदूक. परवानाधारक वारला तर ती घरच्या कपाटात ठेवून चालत नाही. ती ताबडतोब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करून पावती घ्यावी आणि वारसाने आपल्या नावाने अर्ज करावा. वडील हयात असून त्यांचे वय सत्तरीपार असेल किंवा त्यांनी २५ वर्षे शस्त्र बाळगले असेल तर त्यांच्या हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागता येतो. वारस २१ वर्षांचा हवा. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची असते. नूतनीकरणाची तारीख दुकानाच्या लायसनच्या तारखेशेजारीच, रोज दिसेल अशा जागी लिहून ठेवावी.